तीनशे बारा नंबरचं अनुमोदन

गळ्यात बिल्ला घालताना सूनबाई म्हणाली, "आई, मान जरा खाली घ्या. दोरी अंबाड्यात अडकतेय."

"दोरी लांब कर," मी म्हटलं. "मान आहे तिथेच राहील."

बिल्ल्यावरच्या तीन ओळी मी बोट ठेवून वाचल्या. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण अक्षरं अजून मला वचकून आहेत. वेळ लावतात, पण शेवटी सांगतातच. प्रेस्बिटेरियन महासभा. प्रतिनिधी. तीनशे बारा. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चूक कुठेच नव्हती.

आमच्यात कारभार एकट्या पाळकाच्या हातात नसतो. प्रत्येक मंडळी, म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद, आपल्यातून जाणती माणसं वडील म्हणून निवडते आणि पाळक नि वडील मिळून सगळं ठरवतात. दोन वर्षांतून एकदा सगळीकडचे पाळक आणि वडील एका मोठ्या हॉलमध्ये तीन दिवस बसतात, आणि तिथे जे ठरेल ते सगळ्यांना लागू. आमच्या मंडळीत वडील तीन. त्यातली मी एक. बाई असून अकरा वर्षं वडील आहे, आणि माझ्या घरात याचं कुणाला नवल वाटत नाही. बाकी दोघांपैकी एकाचा गुडघा दुखत होता. दुसऱ्याचा, माइकवर बोलावं लागेल हे कळल्यावर दुखायला लागला.

म्हणून पाळकसाहेब कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या लाँड्रीत आले. गठ्ठा उशीएवढा होता.

"काकी, तुम्हीच जायचं," ते म्हणाले. "सतरा नंबरचा ठराव आला की विरोधात कार्ड वर करायचं. एवढंच. बोलायची काही गरज नाही."

"मी कधी बोलते का?"

माझा मुलगा शर्टाच्या घड्या घालत होता, तो एकदम वाकून टेबलाखाली बटण शोधायला लागला.

पुढचे आठ दिवस मी इस्त्री करत होते आणि सूनबाई शेजारी स्टुलावर बसून तो गठ्ठा वाचून दाखवत होती. सूनबाई शिकलेली आहे. तिला सगळं वाचता येतं, फक्त भाजीत मीठ किती ते वाचता येत नाही. सतरावा ठराव तिने दोनदा वाचला. पन्नासपेक्षा कमी सभासद असलेल्या मंडळ्या जवळच्या मोठ्या मंडळीत विलीन कराव्यात आणि त्यांच्या इमारती बंद कराव्यात.

"विलीन म्हणजे गं?"

"चहात साखर होते तसं."

"म्हणजे चहाच राहतो."

"हो ना, आई."

मी इस्त्री उभी केली. आम्ही अडतीस जण. ज्या चर्चमध्ये माझं लग्न लागलं, दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि ह्यांना शेवटचं ठेवलं, तिथल्या प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापड चाळीस वर्षं मी धुते. ते बंद करून त्याला कुलूप घालणार, आणि आम्ही जवळच्या मोठ्या मंडळीत जाऊन शेवटच्या बाकावर साखरेसारखं विरघळायचं. बरं! मी गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "पुढचं वाच."

पण वाचणं वेगळं आणि हॉलमधली भाषा वेगळी. 'सदरहू' नि 'उपरोक्त' असले शब्द गाडीच्या डब्यांसारखे धडाधड जातात, आपला डबा कोणता ते कळेपर्यंत गाडी गेलेली असते. म्हणून आम्ही युक्ती केली. सूनबाईने पाहुण्यांच्या गॅलरीत बसायचं. तिच्याकडे दोन रुमाल. पांढरा दिसला की मी कार्ड वर करायचं. निळा दिसला की कार्ड मांडीवर ठेवायचं. दोन्ही रुमालांना मी स्वतः स्टार्च दिला, लांबून नीट दिसावेत म्हणून.

पाळकसाहेबांना हे सांगितलं नाही. त्यांना आधीच रक्तदाब आहे.

आणि तो हॉल! छत एवढं उंच की वरचे दिवे बदलायला कोण चढत असेल याचाच मी बराच वेळ विचार केला. सहाशे प्रतिनिधी. प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला, हातात पिवळं कार्ड. पहिल्यांदा सगळे उठून स्तोत्र गायले, पेटी नाही, बाजा नाही, नुसते गळे. चार सुरांत सहाशे माणसं. माझ्या पायांखालची फरशी थरथरली. हसू नका, मी वाकून हात लावून पाहिला. खरंच थरथरत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनही मला दिसलं की पुढच्या रांगेतल्या पाळकाच्या कोटाला कुणीतरी अति तापलेली इस्त्री लावलीय. मागे चकाकत होता बिचारा.

गॅलरीकडे पाहिलं तर सूनबाई पडद्याच्या अगदी शेजारी बसलेली. ते जाड लाल पडदे. हॉल बांधला त्या दिवशी टांगले असतील आणि त्यानंतर त्यांना पाणी दिसलं नसेल. मी मनात म्हटलं, तीन दिवस त्या धुळीत बसायचं म्हणजे पोरीला शिक्षाच.

मतदानाचं मला काय वेड लागलं म्हणता! सभा चालवणारे मॉडरेटरसाहेब विचारायचे, "बाजूने?" की पांढरा रुमाल हलायचा आणि माझं कार्ड सगळ्यांच्या आधी वर. स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार: वर. छपाई करणाऱ्यांचे आभार: वर. मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर: वर. आमच्या घरात मी काही म्हटलं की निदान एक जण तरी कुरकुरतो. इथे कार्ड वर केलं की गोष्ट होऊनच जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मॉडरेटरसाहेब हसून म्हणाले, "तीनशे बारा नंबरच्या ताई, आपण अजून मत मागितलेलं नाही." सगळा हॉल हसला. मी मान हलवून हसण्याचा स्वीकार केला.

त्याच दिवशी चहाच्या वेळी मला 'कडक कॉलर' भेटले.

हे मोठ्या मंडळीतले वडील. सतरावा ठराव मांडणार ते हेच. नऊ वर्षं यांचे शर्ट माझ्याकडे येतात. कॉलरीला स्टार्च इतका हवा की टिचकी मारली तर टक् असा आवाज यावा. आमच्या घरी त्यांना त्याच नावाने ओळखतात. माणूस वाईट नाही. फक्त मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं.

माझ्या लाँड्रीचा एक नियम आहे. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालून मालकाच्या हातात द्यायचं, आणि जे दिसलं ते पोटात ठेवायचं. मागच्या आठवड्यात त्यांच्या खिशात एक कागद सापडला होता. पाकीट मी बरोबरच आणलं होतं. चहाचा कप त्यांच्या डाव्या हातात होता, उजव्या हातात मी पाकीट दिलं.

त्यांनी उघडून पाहिलं. कॉलरीच्या वर जेवढा माणूस होता तेवढा लाल झाला.

"काकी... हे तुम्ही पाहिलंत?"

"मी पाहते, बोलत नाही."

"म्हणजे कुणाला..."

"साहेब, चहा सांडतोय. ती बाही परत माझ्याकडेच यायची आहे."

कागदात काय होतं ते मी आत्ताही सांगणार नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सतरावा ठराव आला. कडक कॉलर माइकपाशी गेले. बोलले छान, खोटं कशाला सांगू? लहान मंडळ्यांत माणसं थोडी, गाणारे थोडे, उपासनेला जे गांभीर्य हवं ते राहत नाही. मोठ्या मंडळीत आठशे सभासद, साठ जणांचा गायकवृंद, सगळ्यांना मोठ्या मनाने सामावून घेतलं जाईल. इतकं गोड बोलले की विरघळणारी साखर आम्हीच असूनही माझी मान एकदा डोलली.

मॉडरेटरसाहेबांनी विचारलं, "अनुमोदक?"

कुणी हललं नाही.

मागाहून कळलं ते असं. अनुमोदन द्यायचं काम मोठ्या मंडळीतल्या दुसऱ्या वडिलांकडे होतं. ते दातांचे डॉक्टर. आणि ते त्या वेळी बाहेर एका पाळकाच्या दाढेत डोकावत होते.

"अनुमोदक आहे का?" मॉडरेटरसाहेबांनी पुन्हा विचारलं. शेजारी चिटणीसबाई बसल्या होत्या, नियमांचं पुस्तक त्यांना पाठ. त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचारून अनुमोदक मिळाला नाही, तर ठराव बाद होतो."

हे सगळं मला मागाहून सांगितलं. त्या वेळी मी गॅलरीकडे डोळे लावून बसले होते. सूनबाईचं तोंड उघडलं, डोळे मिटले, नाक वर गेलं. पडद्याची तीन दिवसांची धूळ एकदम बाहेर यायला निघाली आणि तिने हाताला लागला तो रुमाल नाकाला लावला.

पांढरा.

मी दोन्ही हातांनी कार्ड वर केलं.

"तीनशे बारा नंबरचं अनुमोदन!" मॉडरेटरसाहेब म्हणाले. पाचपन्नास लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा एक म्हातारा पाळक माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमची मंडळी तर लहान ना? केवढं मोठं मन!"

वर पाहिलं तर सूनबाई उभी. एका हातात पांढरा, एका हातात निळा, आणि गाडी रुळावरून घसरल्यावर गार्ड हलवील तसे दोन्ही रुमाल हलवत होती. मग मला कळलं मी काय केलं ते. आपल्या चर्चचं कुलूप मी आपल्या हाताने आणून दिलं होतं.

"नियमाप्रमाणे सूचकानंतर अनुमोदक बोलतात," चिटणीसबाई म्हणाल्या. "तीन मिनिटं. यावं."

मी गेले. बसून राहणं मला जमलं असतं, पण मग घरी जाऊन सदतीस जणांना तोंड कोणतं दाखवणार? माइक माझ्या कपाळाएवढा उंच होता. मी तो खाली ओढला, तो किंचाळला.

"माझं अनुमोदन नाही," मी म्हटलं. "माझी सून शिंकली."

हॉलमध्ये असं हसू फुटलं की स्तोत्राच्या वेळी थरथरली त्याहून जास्त फरशी थरथरली. मी रुमालांची हकीकत सांगितली. लपवायला मी काय चोरी केली होती? मॉडरेटरसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि चिटणीसबाईंना विचारलं, "शिंकेबद्दल पुस्तकात काही?"

"काही नाही," चिटणीसबाई अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. "अनुमोदन मागे घेता येतं. मग अनुमोदक पुन्हा विचारावा लागेल."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि दातांचे डॉक्टर आत आले. परिस्थिती कळायला त्यांना किती वेळ लागणार? उभ्या उभ्या कार्ड काढून तयार. मी मागे घेतलं की ते वर करणार. म्हणजे ठराव राहणार आणि माझी तीन मिनिटं जाणार.

"अनुमोदकाने ठरावाच्या बाजूनेच बोलायला पाहिजे का?" मी विचारलं.

चिटणीसबाईंनी पान उलटलं. पाठ असूनही उलटलं. "'ठरावावर बोलावे' असं लिहिलंय. कोणत्या बाजूने ते लिहिलेलं नाही." आणि मला वाटतं, त्या जराशा हसल्या.

"मग राहू दे माझं अनुमोदन," मी म्हटलं. "बोलतेच."

टेबलावर हिरवा दिवा लागला.

"मी लाँड्रीवाली. गिऱ्हाइकाच्या खिशातलं मी बोलत नाही. पण गायकवृंदाचे झगे कुणा एकाचे नाहीत, मंडळीचे आहेत, म्हणून त्यांचं बोलते. मोठ्या मंडळीचे साठ झगे दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येतात. माणूस पोटातून गायला की त्याच्या कॉलरीला घाम लागतो. साठातल्या चौदा कॉलरी मळक्या असतात. बाकीचे शेहेचाळीस झगे मी घातलेल्या घडीसकट परत येतात. घडीसुद्धा माझीच. धुवायचं काय, हे कळत नाही, म्हणून मी त्यांना नुसती हवा दाखवते."

हसू मागून पुढे आलं. मोठ्या मंडळीच्या पाळकांनी कपाळावर हात ठेवला.

"आमच्याकडे झगे नाहीत. आमच्याकडे गीतांची अडतीस पुस्तकं आहेत. त्यांना माझ्या सुनेने जुन्या शर्टांच्या कापडाची कव्हरं शिवलीत. हीच ती, वर उभी आहे, शिंकणारी. तीही मीच धुते. अडतीसच्या अडतीस कव्हरांवर अंगठ्याचे डाग असतात. एकसुद्धा स्वच्छ नसतं. आमचा एक माणूस रविवारी आला नाही, तर सोमवारी सकाळी तीन बायका त्याच्या दारात उभ्या असतात. तुमच्यातली शेहेचाळीस माणसं येत नाहीत आणि तुम्हाला ते लाँड्रीवालीकडून कळतंय!"

पिवळा दिवा लागला.

"आम्हाला सामावून घ्या म्हणता. कुठे? त्या शेहेचाळीस झग्यांत? त्यापेक्षा तुम्हीच दहा जण आमच्याकडे पाठवा. छप्पर गळत नाही, बाकं रिकामी आहेत, आणि घाम आम्ही काढू."

लाल दिवा लागला.

"हे काय?"

"थांबा म्हणून, ताई," मॉडरेटरसाहेब म्हणाले.

"आमच्याकडे लाल दिवा म्हणजे इस्त्री तापतेय. पण तुमचं घर, तुमचा दिवा." आणि मी जागेवर जायला वळले. मी मुद्दाम हळू चालले. राणीसारखी चालले असं सूनबाई मागाहून म्हणाली. ती सहसा चांगलं बोलत नाही, म्हणून सांगून ठेवते.

मी बसते तोवर कडक कॉलर उभे राहिले होते. आता हे मला धुऊन वाळत घालणार, मी मनाची तयारी केली.

"काकींनी अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "उरलेलं सांगायला त्यांचा नियम आड आला." त्यांनी खिशातून माझं पाकीट काढलं आणि त्यातला कागद वर धरला. "ही आमच्या उपासनेची पत्रिका. मागच्या बाजूला, पाळकसाहेबांचं प्रवचन चालू असताना खेळलेले फुल्ली-गोळ्याचे सात डाव आहेत. फुल्ली मी. उपासनेचं गांभीर्य शिकवायला मी इथे उभा आहे, आणि त्यातले पाच डाव मी हरलोय."

सहाशे माणसं एकदम ओरडली. कुणीतरी मागून विचारलं, "गोळा कोण?"

दातांचे डॉक्टर खाली बसले. इतके खाली की खुर्चीच्या पाठीवर नुसतं टक्कल दिसत होतं.

"सूचक म्हणून मी ठरावाचे शब्द बदलू इच्छितो," कडक कॉलर म्हणाले. त्यांनी चक्क बोट घालून कॉलर सैल केली. "'विलीन कराव्यात' याऐवजी 'त्या मंडळीने स्वतः मागणी केली, तरच विलीन कराव्यात'."

चिटणीसबाई उठल्या. "सूचकाला शब्द बदलता येतात. अनुमोदकाची संमती असेल तर."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सहाशे माना, सहाशे बिल्ले. म्हणजे बघा, मी अनुमोदन मागे घेतलं असतं आणि ते डॉक्टरांनी दिलं असतं, तर ही संमती मागायची कुणाकडे? मी सवयीने गॅलरीकडे पाहिलं. सूनबाईने दोन्ही रुमाल पर्समध्ये टाकले, पर्स बंद केली, हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघत बसली. करा काय ते तुमचं तुम्ही, आई.

मी कार्ड वर केलं. एका हाताने, हळू, सगळ्यांना नीट दिसेल असं.

मग मत घेतलं. पिवळ्या कार्डांनी हॉल भरून गेला. विरोधात कोणी आहे का विचारलं, तर एकही नाही. आमचं चर्च आमच्याकडे राहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या पाळकाने माझा हात हातात घेऊन इतका हलवला की बिल्ला मागे पाठीवर गेला. शेवटचं स्तोत्र सुरू झालं आणि मी पोटातून गायले. माझ्या पोलक्याची कॉलर ओली झाली. झालीच पाहिजे.

बाहेर पायऱ्यांवर कडक कॉलर भेटले. "काकी, तुम्हाला ते सांगता आलं असतं."

"काय?"

"फुल्ली-गोळ्याचं."

"कसला फुल्ली-गोळा? मला काही माहीत नाही."

ते हसले. हसताना मान वळली, नुसती मान. "पुढच्या रविवारी तुमच्याकडे उपासनेला आलो तर?"

"या की. बाक रिकामा आहे. पेन घरी ठेवून या."

ते आले. पुस्तकाचं एकोणचाळिसावं कव्हर सूनबाईने त्यांच्याच जुन्या शर्टाचं शिवलं. अंगठ्याचा डाग पहिल्याच दिवशी पडला.

तीन महिन्यांनी मोठ्या मंडळीचे झगे नेहमीप्रमाणे आले. मुलगा गाठोडं सोडून ओरडला, "आई, इकडे ये! साठच्या साठ मळके!"

मी चष्मा लावला आणि एकेक कॉलर उजेडात धरून पाहिली. एकेचाळीस कॉलरींवर खरा घाम होता. सतरा कॉलरी हाताने चोळून मळवलेल्या होत्या. आणि दोन कॉलरींना बुटाचं पॉलिश होतं.

साठही धुतल्या. पॉलिशवाल्या दोन दोनदा धुतल्या.